मनीऑर्डरीचा वारस

(रायगड किनाऱ्यावरील एका व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी मला विषय कळवला तो प्रश्नाच्या रूपात. रोजच्या देण्याघेण्यात मोबाइल पाकिटाची जागा घेऊ शकतो का? इथे बसलेल्या पुष्कळांनी त्याचं उत्तर केव्हाच देऊन टाकलेलं असणार. चहाच्या टपरीवर स्कॅनर आहे, शहाळंवाल्याकडे आहे, पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन अलिबागच्या रस्त्याकडेला बसलेल्या आजीच्या टोपलीलाही तो चौकोन चिकटवलेला आहे. मग व्याख्यान कशाला?

पण हा प्रश्न देणाऱ्याच्या बाजूने विचारलेला आहे. ज्याच्या खिशात पाकीट असतं, त्यालाच तो पडतो. मी तो घेणाऱ्याच्या बाजूने विचारणार आहे. मुरूडच्या किंवा अलिबागच्या मासळीबाजारात पाटीमागे बसलेल्या बाईला पाकीट कधी नव्हतंच. तिचा पैसा कनवटीला, बटव्यात, नाहीतर बसल्या जागी मांडीखालच्या पिशवीत. तिचं काय बदललं, हे पाहिलं की उत्तर जरा वेगळं निघतं.

आधी थोडं मागे जाऊ, फार नाही. या किनाऱ्याला नवं चलन काही नवं नाही. चौल-दाभोळच्या व्यापारात लारी चालत असे. चांदीची तार मधोमध दुमडायची, वर ठसा मारायचा, झालं नाणं. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने रायगडावर होन आणि शिवराई पडली. रेवदंडा-कोर्लईत पोर्तुगीजांचा पैसा, इकडे आंग्र्यांचा अलिबागी रुपया. एका खाडीतून दुसऱ्या खाडीत शिरलं की पैसा बदलायचा, आणि सराफ प्रत्येक वेळी वटाव कापून घ्यायचा. हा वटाव लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आणि आपल्याच जिल्ह्यातले एक गृहस्थ या गोष्टीत मध्यभागी उभे आहेत. चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, घराणं रोह्याचं. रोहा किनाऱ्यावर नाही असं कोणी म्हणेल, पण कुंडलिका रेवदंड्यालाच समुद्राला मिळते, तेव्हा ते आपलेच. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि हिंदुस्थानच्या नोटेवर प्रथमच एका भारतीय गव्हर्नराची सही आली. त्यांच्याच कारकिर्दीत, जानेवारी १९४६ मध्ये, पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. पुढे ते अर्थमंत्री असताना १९५५ मध्ये दशमान नाण्यांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. तोवर मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामाही देऊन टाकला होता. नोटाबंदी आणि चलनातला बदल, दोन्ही या देशाने पूर्वी पाहिलेलं आहे. बाजार बदलतो, थोडी कुरकुर करतो आणि पुढे चालू लागतो. म्हणून फोनवरून पैसे देण्याची सवय आपल्या लोकांना कशी काय लागली, याचं मला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटतं, तिकडे येतो.

आता मुख्य मुद्दा. सगळे म्हणतात, फोनने पाकिटाला हटवलं. मला वाटतं, कोकणापुरतं तरी हे वंशावळीत घोटाळा करण्यासारखं आहे. फोन हा मनीऑर्डरीचा वारस आहे.

ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांना हे लगेच पटेल. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, आणि कुलाबा काय, रत्नागिरी काय, घरटी एक माणूस मुंबईत. गिरणीत, गोदीत, कोणाच्या तरी दुकानात. पगार झाला की तो पोस्टाच्या खिडकीशी रांगेत उभा. मनीऑर्डर आपल्याकडे १८८० मध्ये सुरू झाली. पुढे तिला वीस रुपयांना एक रुपया कमिशन पडे. म्हणजे शंभर रुपये घरी पाठवायचे तर पाच रुपये सरकारला. गिरणीकामगाराला पाच टक्के वटाव! तरी तो देत होता, कारण दुसरा मार्ग म्हणजे गावच्या कोणा भरवशाच्या माणसाच्या हाती पैसे द्यायचे आणि बोटीने तो सुखरूप उतरेल अशी आशा करायची. फॉर्मच्या तळाशी चार ओळी लिहायची जागा असे. पोरांची फी भरावी, कौलं पावसाआधी चाळून घ्यावीत, मी शिमग्याला येतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मनीऑर्डरी आटल्या तेव्हा गावांना कळलं की आपली चूल कशावर पेटत होती. २०१५ मध्ये टपाल खात्याने ती जुनी मनीऑर्डर बंद केली. आणि बरोबर एका वर्षाने, ११ एप्रिल २०१६ रोजी, मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचा आरंभ झाला. योगायोगच, पण मला तो फार बोलका वाटतो. पाच टक्क्यांच्या जागी शून्य टक्के, चार-आठ दिवसांच्या जागी चार-आठ सेकंद, आणि खाली चार शब्द लिहायला जागा इथेही आहेच. घाटकोपरचा पोरगा बोर्ली पंचतनला आईच्या औषधाचे पैसे दुकानदाराला परस्पर देतो. याच्यापुढे मी हात जोडतो. अंतर पार करण्याच्या कामात फोनला आज तोड नाही, आणि नोट त्या कामात कधीच चांगली नव्हती.

पण पोस्टमनचा एक गुण या वारसाकडे आलेला नाही. मनीऑर्डर ज्या बाईच्या नावाची, तिच्याच अंगठ्याखाली आणि तिच्याच तळहातावर पैसे पडत. दीर, सासरा ओटीवर बसलेले असले तरी. यूपीआयचे पैसे खात्यात पडतात, आणि खातं उघडतं फोनमध्ये. फोन कोणाच्या हातात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांनीच सांगितलं की आपण स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. त्यानंतर आकडा सुधारला असणारच. पण मासळीबाजारात पाटीशेजारी उभा केलेला क्यूआर कोणाच्या खात्याचा आहे, हे एकदा आपुलकीने विचारून पाहा. कधी लेकाचा असतो, कधी नवऱ्याचा. दिवसभर विक्री तिने करायची, ‘इतके रुपये प्राप्त झाले’ हे स्कॅनरच्या बोलक्या डब्याने तिच्या कानाशी ओरडायचं, आणि पैसे मात्र तिसरीकडे. डाळीच्या डब्यात चार नोटा बाजूला टाकण्याची जी सोय होती, तीही गेली. त्या डब्यांचं मोल ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीच्या रात्री घरोघर उघडं पडलं. कित्येक नवऱ्यांना बायकोची शिल्लक प्रथमच कळली.

आता याच बाईच्या बाजूने फोनची जमेची बाजूही मांडतो, कारण ती खरी आहे. मासळी विकणाऱ्या हाताला पाणी, खवले, बर्फ. त्या हाताने नोट घ्यायची, ती ओली व्हायची, सुटे शोधायचे, गिऱ्हाईक पाचशेची काढून उभं. बोलणारा डबा आल्यापासून तिला हातही पुसावा लागत नाही. गिऱ्हाईक स्कॅन करतं, डबा बोलतो, ती कोयत्यावरून नजर न उचलता पापलेटाचे तुकडे करत राहते. ओल्या बोटाला फोनचा पडदा दाद देत नाही, पण तिला पडद्याला हात लावायचाच नाही. ज्या कोणी हा डबा योजला, त्याने कोळणीसाठी योजला नसेल, पण तिच्याइतका तो कोणाला फळला नाही.

सुट्ट्यांचं म्हणाल तर ते दुखणं आपण सगळ्यांनी सोसलंय. दुकानदार हातावर गोळ्या ठेवायचा. एसटीचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर येणे रक्कम लिहून खाली गिरगटायचा. उतरताना आठवण राहिली तर ठीक, नाहीतर ते रुपये महामंडळाला अर्पण. आता मशीनच्या पडद्यावर क्यूआर येतो आणि भांडणाचं कारणच संपतं. माझ्या मते फोनने पाकिटातलं पहिलं काय पळवलं असेल, तर ही चिल्लर.

आणि आता आश्चर्याकडे येतो. यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. मग रोकड आटली असेल, असं कोणीही म्हणेल. नोटाबंदीच्या आठवड्यात देशात साधारण पावणेअठरा लाख कोटींचं चलन होतं. मार्च २०२५ अखेर ते ३६ लाख कोटींच्या वर गेलं. दुपटीहून जास्त! अर्थव्यवस्थाही तेवढ्यात वाढली हे धरूनसुद्धा, रोकड मरणपंथाला लागलेली दिसत नाही. गंमत पुढे आहे. या नोटांच्या किमतीत एकट्या पाचशेच्या नोटेचा वाटा सुमारे ८६ टक्के. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटांचा वाटाही तेवढाच होता.

म्हणजे झालंय काय, तर दोघांनी कामं वाटून घेतली. पूर्वी पाकिटात खर्चाला लागणारी चिल्लर असायची आणि मोठी नोट बँकेत जायची. आता चिल्लर फोनमध्ये गेली आणि मोठी नोट कपाटात राहिली. दहा-वीसची कोरी नोट मात्र मिळता मिळत नाही. लोक फोनवर विश्वास ठेवतात तो आजच्या दिवसापुरता. उद्याचा भरवसा अजून कागदावर आहे. लोकांना अर्थशास्त्र कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांकडे जरा एकत्र बघावं.

हा भरवसा अडाणी आहे का? रायगडच्या किनाऱ्याला तरी तसं कोणी म्हणू नये. ३ जून २०२०. निसर्ग वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर, झोत एकशेवीसपर्यंत. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, दिवेआगर, हरिहरेश्वर. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब हजारोंनी पडले, मोबाइलचे मनोरे गप्प झाले. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. वर टाळेबंदी चालू. मुंबईचा माणूस गावी येऊ शकत नव्हता.

त्या दिवसांत किनाऱ्याला काय लागत होतं? पत्रे, कौलं, ताडपत्री, खिळे, मेणबत्त्या, दूध, झाड तोडून बाजूला करणारे हात. सगळं तिथल्या तिथे, माणसाने माणसाला द्यायचं. आणि विक्रेत्यालाही पुढे कोणाला तरी द्यायचं. मुंबईहून लेकाने धाडलेले पैसे खात्यात पोचत होते. खातं आणि हात यांच्यामधला पूलच पडला होता. एटीएमला वीज नाही, बँकेच्या शाखेला लाइन नाही. अशा वेळी ज्याच्या घरात शे-पन्नासच्या नोटा होत्या, तो शेजाऱ्यालाही देऊ शकला. मनीऑर्डरीच्या वारसाची मर्यादा इथे उघडी पडते. अंतर तो मिटवतो, पण समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांमध्येही त्याला आधी दूर कुठेतरी जाऊनच यावं लागतं.

ते कसं, हे दोन वाक्यांत सांगतो. तुम्ही स्कॅन करून पिन टाकलात की निरोप तुमच्या ॲपकडून राष्ट्रीय भुगतान निगमच्या यंत्रणेत जातो, ती तुमच्या बँकेला विचारते, मग घेणाऱ्याच्या बँकेला सांगते, आणि मग उत्तर परत येतं. समोरच्या हातात पैसा जात नाही, निरोप जातो. आणि वाटेत चार-पाच जणांनी हो म्हणावं लागतं.

या किनाऱ्याचा इतिहास ज्याने वाचलाय त्याला इथे दस्तक आठवेल. पोर्तुगीज म्हणत, आमचा कार्ताझ, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय समुद्रात गलबत घालायचं नाही. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपलं दस्तक चालू केलं आणि परक्यांनाही तो हिसका दाखवला. समुद्र तोच, गलबत तुमचंच, पण जायचं तर कोणाचा तरी कागद हवा. फोनवरचं प्रत्येक देणं हे असं दस्तक मागून केलेलं देणं आहे. दस्तक चटकन मिळतं, फुकट मिळतं, म्हणून मागितल्याचं जाणवत नाही. नोटेला ते लागत नाही. रिझर्व्ह बँक कायद्याच्या २६व्या कलमाने ती देशभर वैध चलन आहे. एका हातातून दुसऱ्या हातात गेली की व्यवहार पुरा.

दस्तक अडतं तेव्हा काय होतं, तेही पाहून झालंय. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास देशभर अडखळलं. शनिवार होता. आपल्याकडे शनिवार म्हणजे काय, हे मांडव्याच्या जेट्टीवर किंवा काशीदच्या वाळूवर उभं राहिलेल्याला सांगायला नको. एरवीही सुट्टीच्या गर्दीत नागाव-काशीदला रेंज मान टाकतेच. गोल फिरणाऱ्या चाकाकडे बघत पर्यटक उभा आणि वडे थंड. पैसे खात्यातून कापले गेले आणि दुकानदाराला आले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते जास्तीत जास्त पाच दिवसांत परत यायला हवेत, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. नियम चांगला आहे. पण तो ठाण्याला परत निघालेल्या पर्यटकासाठी. ज्या बाईने मासळीचा वाटा देऊन टाकला, तिने कोणाची वाट बघायची?

जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले तेव्हा कितीतरी छोट्या दुकानदारांना क्यूआरच्या पाट्या आणि खाती बदलावी लागली. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या. ताज्या मासळीला जीएसटी नाही, तेव्हा आमच्या बायकांनी घाबरायचं कारण नाही. तरी बातमी इथवर पोचली आणि भीतीही. कर बुडवावा असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की दस्तकाची नोंद ठेवणारा कोणीतरी असतो, आणि ती नोंद पुढे कशाला वापरली जाईल हे दस्तक घेणाऱ्याला ठाऊक नसतं.

वटावाचं सांगायचं राहिलं. १ जानेवारी २०२०पासून यूपीआयवर दुकानदाराला काही आकार नाही. मग हे चालतं कशावर? बँका सोसतात, आणि सरकार तिजोरीतून भर घालतं. २०२४-२५ साठी दीड हजार कोटींची योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली होती. पाचातले साधारण चार व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोन ॲपांतून होतात. दोनच सराफ, आणि वटाव माफ. इतिहासात सराफाने वटाव कायमचा सोडल्याचं उदाहरण माझ्या वाचनात नाही. उद्या तो लागला, तर तोवर सुट्ट्या नोटांची सवय मोडलेली कोळीण तो नाकारू शकेल का, हा खरा प्रश्न आहे.

आणि एक वटाव आजही लागतोच, फक्त त्याला ते नाव नाही. रिचार्ज. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, हातात आवक नाही. नेमक्या त्या दिवसांत रिचार्ज संपला की नेट बंद, आणि नेट बंद म्हणजे स्वतःचेच पैसे कुलुपात. नोट कनवटीला ठेवायला महिन्याला काही भरावं लागत नाही.

हे केवळ आपल्या मागासपणाचं दुखणं असतं तर मी गप्प बसलो असतो. स्वीडन घ्या. तिथे रोकड जवळजवळ नाहीशी झाली आहे. त्याच स्वीडनच्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघर एक पुस्तिका वाटली, संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं याची. त्यात पाणी, अन्न, रेडिओ यांच्याबरोबर सांगितलंय की निदान आठवडाभर पुरेल एवढी रोकड वेगवेगळ्या नोटांत घरात ठेवा. शेजारच्या नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्यात पक्का केला. पुढे गेलेले लोक मागे वळून बघतायत, आणि आपण त्यांच्या मागे धावतोय.

यावर तरुण मंडळी म्हणतील, तंत्र सुधारतंय. सुधारतंय खरंच. साध्या बटणांच्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं. नेटशिवाय चालणारी *९९# सेवा तर त्याहून जुनी. यूपीआय लाइटमध्ये थोडे पैसे फोनमध्येच आधी काढून ठेवता येतात आणि लहान देण्याला पिन लागत नाही. डिसेंबर २०२२पासून रिझर्व्ह बँकेचा ई-रुपयाही प्रयोगात आहे. यातलं रेंजशिवाय, दोन फोन जवळ आणून, हातोहात पैसे देण्याचं काम ज्या दिवशी मासळीबाजारात बिनबोभाट चालेल, त्या दिवशी माझं हे व्याख्यान जुनं होईल, खुशाल व्हावं. पण आज बाजारात विचारून पाहा, *९९# किती जणींनी वापरलंय. आणि चार्जिंग संपलेल्या फोनला यातलं काहीच लागू नाही.

कोळणीची साखळी पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणा. पहाटे बंदरावर लिलाव, तिथे बहुधा रोख किंवा उधारी. मग बर्फवाला, पाट्या उचलणारा, मिनिडोर रिक्षावाला, बाजाराची पावती फाडणारा, मासे साफ करून देणारी बाई. पुण्याच्या पर्यटकाने दिलेले पैसे खात्यात आले, पण यातल्या एकानेही ‘रोख दे’ म्हटलं की तिला एटीएम शोधावं लागतं. पर्यटकाचं पाकीट सुटलं ते एटीएमची रांग तिच्या गळ्यात टाकून. साखळीतला शेवटचा माणूस फोनवर येईपर्यंत तिला दोन्ही सांभाळायचं आहे. ते ती करते आहे, आपण तिला निदान अडवू नये.

म्हणून विषयाचं उत्तर माझ्याकडून असं घ्या. लांबच्या माणसाला पैसे द्यायला आणि बारीक रकमांना फोन. त्यात मागे फिरायचं कारण नाही. समोरच्या माणसाला, अडचणीच्या वेळी, आणि ज्याच्या हाती स्वतःचा फोन नाही त्याला नोट. ती कालबाह्य म्हणून काढून टाकायचा अधिकार फोनवाल्यांना नाही. यातून काही साध्या मागण्या निघतात. नगरपरिषद, ग्रामपंचायत, बंदर खातं यांच्या तिकिटाच्या नि पार्किंगच्या खिडकीवर ‘फक्त ऑनलाइन’ ही पाटी लागू नये. जंजिऱ्याला नेणाऱ्या राजपुरीच्या होडीला आणि आगरदांड्याच्या जंगल जेट्टीला, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीला, तर नकोच नको. बचतगटांनी यंदा एक काम करावं: बाजारातल्या प्रत्येक पाटीवरचा क्यूआर त्या पाटीवर बसणारीच्याच खात्याला जोडून द्यावा, आणि शिल्लक स्वतः बघायला तिला शिकवावं. पैसे घेताना पिन टाकायचा नसतो, ही एक गोष्ट शिकवली तरी निम्मे भामटे उपाशी मरतील. आणि मे महिन्यात आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका होतात, त्यात बोटी, दोर, कटर, जनरेटर यांची यादी होते. त्या बैठकांत बँकांनाही बोलवा. वादळानंतर दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन-मुरूडला जनरेटरवर चालणारं फिरतं एटीएम कुठून आणि कोणत्या रस्त्याने येणार, त्यात शंभर-दोनशेच्या नोटा किती असणार, हे जूनच्या आधी कागदावर यायला हवं. रस्ता बंद असेल तर होडीने येणार का, हेही.

प्रश्न असतील तर घेऊ. वर्गणीसाठी बाहेर डबाही ठेवलाय आणि स्कॅनरही.